आनंदवनाची स्थापना

आनंदवन ही महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा शहरालगत वसलेली सामुदायिक कृषी वसाहत आहे. कुष्ठरोगामुळे घर, गाव आणि उपजीविका गमावलेल्या लोकांसाठी मुरलीधर देवीदास आमटे, अर्थात बाबा आमटे (१९१४–२००८) आणि त्यांच्या पत्नी साधना आमटे (१९२६–२०११) यांनी ती उभी केली. महारोगी सेवा समिती, वरोरा या संस्थेची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि वसाहतीचे उद्घाटन २१ जून १९५१ रोजी विनोबा भावे यांच्या हस्ते झाले.

आनंदवनात औषधोपचाराची सोय पहिल्यापासून होती. मात्र वसाहतीची उभारणी शेतीभोवती झाली. रोगाचे जंतू औषधाने मरतात, पण बरा झालेला माणूस गावात परत स्वीकारला जात नाही, हा संस्थापकांचा अनुभव होता. म्हणून पाणी, पीक आणि पिकाची विक्री या क्रमाने रुग्णांना स्वतःच्या कष्टावर उभे करणे हा या वसाहतीचा मूळ हेतू ठरला. हा लेख प्रामुख्याने स्थापनेच्या काळासंबंधी आहे.

पार्श्वभूमी

कुष्ठरोग आणि समाज

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील वैद्य आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. त्यामुळे हा रोग पापाचे फळ नाही आणि आनुवंशिकही नाही, तो संसर्गजन्य आहे, हे वैद्यकशास्त्रात स्पष्ट झाले. लोकव्यवहारात मात्र ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ या शब्दांना चिकटलेली भीती कायम राहिली. रुग्णाला घराबाहेर काढणे, त्याचे ताट आणि पाणी वेगळे करणे, देवळाच्या पायऱ्यांवर किंवा रेल्वे स्थानकाजवळ भीक मागण्यावाचून त्याला पर्याय न उरणे, ही सर्वत्र आढळणारी स्थिती होती.

कायद्यानेही या भीतीला आधार दिला होता. ब्रिटिश राजवटीत १८९८ मध्ये झालेल्या कुष्ठरोगीविषयक कायद्यानुसार निराधार रुग्णाला पकडून आश्रयगृहात ठेवता येत असे. सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात रुग्णाला खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करून विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे वा तळ्याचे पाणी घेण्यास आणि रेल्वेखेरीज अन्य भाड्याच्या वाहनातून प्रवास करण्यास मनाई करता येत होती. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि २०१६ मध्ये रद्द झाला. स्वतःची विहीर खणणे आणि स्वतः पिकवलेली भाजी बाजारात विकणे, या आनंदवनाच्या पहिल्या दोन कामांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे उपलब्ध झाली. त्यांपैकी डॅप्सोन हे औषध स्वस्त होते आणि त्याने रोगाची वाढ थांबत असे. तोपर्यंत प्रचलित असलेल्या चालमोगरा तेलाच्या वेदनादायक इंजेक्शनांपेक्षा हा मोठा पल्ला होता. रोग आटोक्यात आणता येऊ लागल्याने बऱ्या झालेल्या माणसाने पुढे काय करायचे, हा प्रश्न प्रथमच मोठ्या प्रमाणावर समोर आला.

विदर्भातील आधीचे प्रयत्न

विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा आनंदवनाच्या आधीची आहे. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने चालवलेले कुष्ठरुग्णालय होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. तेथे उपचारांबरोबर शेती आणि सूतकताईसारखी कामे रुग्णांकडून करून घेतली जात. अमरावती येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन ही वसाहत स्थापन केली. महात्मा गांधी यांनी सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरुग्ण विद्वानाची स्वतः शुश्रूषा केली आणि कुष्ठसेवेचा समावेश आपल्या रचनात्मक कार्यक्रमात केला. वर्धा, अमरावती आणि वरोरा ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि या कार्यकर्त्यांचा परस्परसंबंधही होता.

संस्थापक

बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. कुटुंबाची शेती वरोऱ्याजवळ गोरजा येथे होती. नागपूर येथे शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि वरोऱ्यात वकिली करू लागले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात अटक झालेल्यांच्या बचावासाठी त्यांनी वकील उभे केले. गोरजा येथील विहीर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुली केली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांच्या मागण्यांशी त्यांचा संबंध आला. या कामाचे स्वरूप कळावे म्हणून त्यांनी काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

१८ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा विवाह नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी झाला. विवाहानंतर त्या साधना आमटे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्या शास्त्री-पंडितांच्या सनातनी वळणाच्या घरातून आल्या होत्या. ‘समिधा’ या त्यांच्या आत्मचरित्रात आनंदवनाच्या आरंभीच्या वर्षांचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे.

श्रमाश्रमाचा प्रयोग

आनंदवनाच्या आधी आमटे दांपत्याने वरोऱ्यात ‘श्रमाश्रम’ नावाचा सामुदायिक जीवनाचा प्रयोग केला. निरनिराळ्या जातींची कष्टकरी कुटुंबे तेथे एकत्र राहत. प्रत्येकाची मिळकत एकत्र जमा होई आणि त्यातून सर्वांचा खर्च चाले. जातिभेद आणि श्रमाविषयीची तुच्छता या दोन्हींना एकत्र राहण्यातून उत्तर द्यावे, असा त्यामागचा विचार होता. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. तरीही एकत्र श्रम, सामायिक स्वयंपाक, खाजगी मालकीचा त्याग आणि निर्णयांत सर्वांचा सहभाग ही आनंदवनाची पुढील वैशिष्ट्ये श्रमाश्रमात प्रथम आजमावली गेली. दोन्ही प्रयोगांत महत्त्वाचा फरक होता. श्रमाश्रमातील कुटुंबांना बाहेर जाऊन पूर्वीसारखे जगण्याचा मार्ग मोकळा होता. आनंदवनातील रहिवाशांपैकी बहुतेकांना तो नव्हता.

तुळशीराम

एका पावसाळी रात्री घरी परतताना बाबा आमटे यांना रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा, रोगाच्या शेवटच्या अवस्थेतील कुष्ठरुग्ण पडलेला दिसला. ते भीतीने तेथून निघून गेले. आपण घाबरलो, ही जाणीव त्यांना असह्य झाली. ते परत गेले, त्याला आडोसा करून दिला आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली. जेथे भय आहे तेथे प्रेम असू शकत नाही, असा या घटनेचा अर्थ त्यांनी पुढे वारंवार सांगितला. त्यानंतर त्यांनी कुष्ठसेवेची दिशा निश्चित केली.

दत्तपूर येथे त्यांनी रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आणि पुढे कोलकाता येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचे विशेष प्रशिक्षण घेतले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्याने संशोधनाला अडचण येत होती. तेथे बाबा आमटे यांनी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले, परंतु त्यांना रोगाची लागण झाली नाही, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. परतल्यावर त्यांनी वरोऱ्याच्या परिसरातील खेड्यांत उपचार केंद्रे चालवली. उपचार घेणाऱ्या अनेकांना राहण्यासाठी जागा नव्हती, यातूनच कायमच्या वसाहतीची गरज पुढे आली.

जमीन आणि पहिले रहिवासी

महारोगी सेवा समितीला तत्कालीन मध्य प्रदेश राज्याच्या सरकारकडून वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन मिळाली. (चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता.) ही जमीन खडकाळ, झुडपी जंगलाची आणि पडीक होती. तेथे पाण्याची सोय नव्हती. साप आणि विंचू विपुल होते आणि बिबट्यांसारख्या वन्य प्राण्यांचा वावर होता. या भागात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

पहिल्या वस्तीचा ताळेबंद आनंदवनाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. बाबा आणि साधना आमटे, त्यांचे विकास (जन्म १९४७) आणि प्रकाश (जन्म १९४८) हे दोन लहान मुलगे, ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि रोख १४ रुपये, एवढ्या भांडवलावर वसाहत सुरू झाली. गवत आणि बांबूच्या झोपड्या उभारण्यात आल्या. भिंती नसल्यामुळे रात्री जनावरांपासून संरक्षणाची व्यवस्था जागते राहूनच करावी लागे.

‘आनंदवन’ हे नाव मराठी वाचकांना परिचित होते. काशीक्षेत्राचे ते एक प्राचीन नाव आहे आणि समर्थ रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’ या रचनेमुळे ते महाराष्ट्रात रूढ झाले आहे. ज्या काळात कुष्ठरुग्णांच्या निवासाला ‘आश्रयगृह’ म्हटले जाई, त्या काळात रोगाचा उल्लेखही नसलेले हे नाव स्वीकारले गेले.

विहीर आणि पहिले पीक

पहिले काम विहिरीचे होते. पाणी दुरून आणावे लागत होते आणि गावातील विहिरीवर रुग्णांना प्रवेश नव्हता. यंत्रे किंवा भाडोत्री मजूर नसताना बाबा आमटे आणि रुग्ण यांनी मोजक्या अवजारांनी खडक फोडण्यास सुरुवात केली. कित्येक आठवड्यांच्या खोदकामानंतर पाणी लागले. वसाहतीच्या आठवणींत या विहिरीला विशेष स्थान आहे, कारण भीक मागणे एवढेच ज्यांच्या वाट्याला आले होते अशा लोकांनी सर्वांच्या उपयोगाची एक वस्तू येथे प्रथमच निर्माण केली होती.

पाण्यानंतर झुडपे तोडून, दगड वेचून आणि बांध घालून थोडी थोडी जमीन लागवडीखाली आणण्यात आली. प्रथम भाजीपाला आणि ज्वारीसारखे धान्य घेण्यात आले. शेणखतासाठी आणि दुधासाठी गाई वाढवण्यात आल्या. गोठा, स्वयंपाक आणि रुग्णांच्या जखमांची मलमपट्टी यांचा मोठा भार साधना आमटे यांच्यावर होता. रहिवाशांची संख्या वाढत गेली तशा आणखी विहिरी खणल्या गेल्या आणि लागवडीखालील क्षेत्र वाढले.

उद्घाटन

१९५१ च्या एप्रिल महिन्यात तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान चळवळीचा प्रारंभ झाला. तेलंगणातील पदयात्रा आटोपून विनोबा भावे पवनारकडे परतत असताना २१ जून १९५१ रोजी त्यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. पवनार येथे विनोबांनी त्याआधी पैशाचा व्यवहार टाळून केवळ श्रमावर जगण्याचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला होता आणि त्यातही विहीर खणणे व शेती करणे हीच मुख्य कामे होती. श्रमाला प्रतिष्ठा देणारी सामूहिक शेती हा त्या काळातील गांधीवादी वर्तुळातील समान विचार होता. आनंदवनाने तो समाजाने बहिष्कृत केलेल्या लोकांपर्यंत नेला.

बधिर हातांनी शेती

कुष्ठरोगाचा जंतू त्वचेवर आणि मज्जातंतूंवर परिणाम करतो. मज्जातंतू निकामी झाल्यावर हातापायांची संवेदना जाते. बोटे झडतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वेदना जाणवत नसल्यामुळे भाजणे, कापणे आणि घासले जाणे लक्षात येत नाही. जखमा चिघळतात आणि वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे बोटे आखूड होत जातात. स्नायू दुर्बल झाल्याने बोटे वाकडी होतात व पकड जाते.

म्हणून कुष्ठरुग्णांची शेती ही इतर शेतीपेक्षा वेगळी समस्या आहे. कुदळीचा दांडा, विहिरीचा दोर, काटेरी झुडूप आणि तापलेला दगड यांपैकी प्रत्येक वस्तू संवेदनाहीन तळहाताला इजा करू शकते. श्रमाने स्वाभिमान परत मिळतो, पण तोच श्रम शरीराची हानीही करू शकतो. यावर उपाय म्हणजे कामाचे वाटप आणि दररोजची तपासणी. कामावरून परतल्यावर हातपाय पाहणे, जखमा धुऊन बांधणे, पाय झाकणारी पादत्राणे वापरणे आणि ज्याची पकड गेली आहे त्याला राखण, पाणी देणे, गुरे राखणे यांसारखी कामे देणे अशा सवयी अशा वसाहतींत आवश्यक ठरतात. एकाचे हात आणि दुसऱ्याचे पाय मिळून एक काम पूर्ण करणे, ही आनंदवनातील श्रमाची पद्धत बनली. पुढे अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्या व्यक्ती वसाहतीत आल्या, तेव्हा हीच पद्धत त्यांच्यासाठीही उपयोगी पडली.

बाजारपेठेचा प्रश्न

काही वर्षांतच वसाहतीच्या गरजेपेक्षा जास्त भाजीपाला आणि दूध निघू लागले. ते वरोऱ्यात विकण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कुष्ठरुग्णांच्या हातचा माल घेण्यास लोक तयार नव्हते. पाणी आणि जमीन यांवर कष्टाने मात करता आली होती. ग्राहकाच्या मनातील भीतीवर तशी मात करता येत नव्हती. माल विकला गेला नसता तर वसाहत देणग्यांवर अवलंबून राहिली असती आणि तिच्या स्थापनेमागचा विचारच फोल ठरला असता.

ही कोंडी फुटण्यास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेच्या स्वयंसेवकांची मदत झाली. ही संघटना पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये सुरू केली होती आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तिचे कार्यकर्ते भारतात आले होते. १९५० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवकांची तुकडी आनंदवनात येऊन राहिली. त्यांनी रुग्णांबरोबर इमारतींचे बांधकाम केले, त्यांच्याबरोबर राहून तेथेच पिकलेले अन्न खाल्ले. परदेशी तरुण रुग्णांमध्ये निर्धास्तपणे वावरतात, हे पाहण्यास वरोऱ्यातील लोक येऊ लागले आणि हळूहळू आनंदवनाच्या भाजीला आणि दुधाला गिऱ्हाईक मिळू लागले.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. प्रत्यक्ष सहवासाने भीती कमी होते, याचे ते उदाहरण आहे. त्याच वेळी, शेजारच्या गावाला आपल्याच भागातील रुग्णांच्या शब्दापेक्षा परक्या पाहुण्यांच्या वागणुकीने अधिक विश्वास वाटला, हेही त्यातून दिसते.

शेतीकडून संस्थांकडे

शेतीचा पाया स्थिर झाल्यावर आनंदवनात इतर उद्योग उभे राहिले. विणकाम, सुतारकाम, लोहारकाम, छपाई, चर्मकाम आणि टिनाच्या वस्तू तयार करणे हे त्यांपैकी काही होत. वसाहतीला लागणाऱ्या वस्तू शक्यतो वसाहतीतच तयार कराव्यात आणि उरलेल्या बाहेर विकाव्यात, हे धोरण होते. बांधकामही बहुतांशी रहिवाशांनीच केले.

१९६४ मध्ये आनंदवनाच्या परिसरात ‘आनंद निकेतन’ महाविद्यालय सुरू झाले. वरोरा परिसरातील मुलांना तोपर्यंत उच्च शिक्षणासाठी दूर जावे लागत असे. पुढे कृषी महाविद्यालय आणि अंध व कर्णबधिर मुलांसाठी शाळाही निघाल्या. ज्या गावाने भाजी नाकारली होती त्या गावाची मुले शिक्षणासाठी रोज आनंदवनात येऊ लागली. कुष्ठरुग्णांच्या वसाहतीने निरोगी समाजाला काही देणे, हा दानाचा उलटा प्रवाह आनंदवनाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

बऱ्या झालेल्या रहिवाशांचे विवाह होऊ लागले आणि कुटुंबांसाठी व वृद्धांसाठी स्वतंत्र निवास बांधले गेले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या साहित्यिकांचे आनंदवनाशी निकटचे संबंध होते. येथे भरणाऱ्या मित्रमेळाव्यांमुळे मराठी मध्यमवर्गाला या वसाहतीची ओळख झाली. बाबा आमटे यांचा ‘ज्वाला आणि फुले’ हा काव्यसंग्रहही याच काळात वाचकांसमोर आला.

शाखा वसाहती

रहिवाशांची संख्या वाढल्यावर नव्या जागी वस्ती करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. नागपूरजवळ ‘अशोकवन’ ही वसाहत स्थापन झाली. १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील मूलजवळ ‘सोमनाथ’ येथे मोठी शेतीप्रधान वसाहत सुरू झाली. आनंदवनात शेती शिकलेल्या रहिवाशांनी तेथे जंगल-झुडपांची जमीन भातशेतीखाली आणली. श्रमिकांचे विद्यापीठ उभारण्याची कल्पना बाबा आमटे यांनी सोमनाथशी जोडली होती. तेथे दर उन्हाळ्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातील युवक-युवती शारीरिक श्रमात सहभागी होत आले आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड परिसरातील हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी त्याची धुरा घेतली. आनंदवनाची जबाबदारी पुढे विकास आमटे यांच्याकडे आली.

इतर सामुदायिक कृषी वसाहतींशी तुलना

सामायिक मालकी आणि शेती यांवर आधारित वसाहतींची परंपरा जगात अन्यत्रही आढळते. त्यांपैकी दीर्घकाळ टिकलेली एक परंपरा हटराइट या ख्रिस्ती पंथाची आहे. १५२८ मध्ये मोराव्हियात या पंथाच्या पूर्वसूरींनी आपली मालमत्ता एकत्र केली. याकोब हुटर यांच्या नावावरून पंथाला नाव मिळाले. त्यांना १५३६ मध्ये देहदंड देण्यात आला. छळामुळे अनेक देशांतून स्थलांतर करत हे लोक १८७४ मध्ये रशियन साम्राज्यातून उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात आले आणि आजच्या साउथ डकोटा राज्यात मिसुरी नदीकाठी त्यांनी बॉन होम ही वसाहत स्थापन केली. वसाहतीची लोकसंख्या सुमारे दीडशेच्या जवळ गेली की नवी जमीन घेऊन तिची शाखा काढायची, ही त्यांची रीत आहे.

आनंदवन आणि हटराइट वसाहती यांच्यात काही साम्ये आहेत. दोन्ही ठिकाणी समाजाने नाकारलेले लोक पडीक जमिनीवर एकत्र आले, जमीन व साधने व्यक्तीच्या मालकीची ठेवली गेली नाहीत, स्वयंपूर्णतेवर भर राहिला आणि मूळ वसाहतीतून शाखा निघाल्या. भेदही मूलभूत आहेत. हटराइटांना जोडणारा धागा श्रद्धा आणि जन्म हा आहे; ते बाहेरील जगापासून स्वेच्छेने दूर राहतात आणि मुले मोठी होऊन त्याच समाजाचा भाग बनतात. आनंदवनात निरनिराळ्या धर्मांचे, जातींचे आणि भाषांचे लोक आले. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट आजार आणि बहिष्कार ही होती. त्यांची निरोगी मुले बाहेरच्या जगात जावीत, अशीच अपेक्षा होती. पवनार येथे विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर हे विदर्भातील तिसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. तेथे ब्रह्मचारिणी साधिकांचा समूह शेती आणि इतर श्रम करत सर्वसंमतीने निर्णय घेतो.

टीका आणि मर्यादा

कुष्ठरुग्णांच्या स्वतंत्र वसाहतींविषयी एक तात्त्विक आक्षेप घेतला जातो. वेगळ्या जागी सुखाने राहण्याची सोय झाली की कुटुंब आणि गाव यांच्यावरील जबाबदारी सुटते आणि रुग्णाला दूर ठेवण्याची प्रथा सौम्य रूपात चालू राहते, असा हा आक्षेप आहे. आधुनिक आरोग्यधोरणही रुग्णावर त्याच्या घरी राहूनच उपचार करण्यास प्राधान्य देते. वसाहतीच्या बाजूने असे म्हटले जाते की, १९५१ मध्ये आनंदवनात आलेल्यांपुढे घर आणि वसाहत असा पर्याय नव्हता. पर्याय रस्ता आणि वसाहत असा होता. गावाशी संबंध तोडण्याऐवजी भाजीविक्री, महाविद्यालय आणि छावण्या यांद्वारे तो नव्याने जोडण्याचा प्रयत्न आनंदवनाने केला.

दुसरी मर्यादा नेतृत्वाची आहे. निर्णयांत रहिवाशांचा सहभाग असला, तरी संस्थेची ओळख दीर्घकाळ एका कुटुंबाशी निगडित राहिली. जमीन समितीच्या नावे असल्यामुळे ती विकली वा विभागली जात नाही. त्याच कारणाने रहिवाशाला स्वतःच्या नावाचा तुकडाही मिळत नाही. सामायिक मालकीच्या बहुतेक प्रयोगांना हा प्रश्न सोडवावा लागतो.

नंतरचा काळ

५० एकरांपासून सुरू झालेले आनंदवन पुढे सुमारे साडेचारशे एकरांपर्यंत विस्तारले. बाबा आमटे यांना १९८५ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार, १९९० मध्ये टेम्पलटन पुरस्कार आणि १९९९ मध्ये गांधी शांतता पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

या काळात कुष्ठरोगाचे चित्रही पालटले. १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचारपद्धती आली आणि ठरावीक मुदतीत रोग पूर्ण बरा होऊ लागला. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलनाची मर्यादा भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठली. २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यात आले. तरीही देशात दरवर्षी नवे रुग्ण आढळतात आणि सामाजिक कलंक पूर्णपणे नाहीसा झालेला नाही.

बहुतेक वसाहती आपली लोकसंख्या वाढावी या अपेक्षेने स्थापन होतात. आनंदवनाच्या बाबतीत रोग जितका लवकर ओळखला जाईल आणि गाव रुग्णाला जितके सहज सामावून घेईल, तितकी कुष्ठरुग्णांना तेथे येण्याची गरज कमी होईल. म्हणून काळाच्या ओघात आनंदवनाचे कार्य कुष्ठरोगाच्या पलीकडे, अपंगत्व, शिक्षण, जलसंधारण आणि कृषीविषयक प्रयोगांकडे वळले. पहिल्या सहा रुग्णांनी खडकात खणलेली विहीर आणि त्या पाण्यावर पिकलेली भाजी ही या सर्व कार्याची सुरुवात होती.